आधी हात धू, मग बोट टोच

मी मधुमेही आणि दमेकरी, दोन्ही. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो आम्ही. उन्हाळाभर रस्त्यावरची धूळ आणि जून लागला की बेडरूमच्या भिंतीला ओल, त्यामुळे पावसाळ्यात माझी छाती वाजणार हे घरात धरूनच चालतात. या वेळी आधी ताप आला. तिसऱ्या दिवशी जिना चढून आले आणि वाक्य पुरं करता येईना, तेव्हा ह्यांनी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं, सकाळी नाश्त्यानंतर. वर विचारलं, "जेवण जातंय का?" कसलं जातंय, दोन दिवस नुसती पेज. मग त्यांनी माझी मधुमेहाची एक गोळी, डापाग्लिफ्लोझिन, थांबवली, नीट जेवायला लागेपर्यंत. पोटात अन्न नसताना या गोळीने रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू शकतात, आणि शुगर फार वाढलेली नसते म्हणून ते लक्षातही येत नाही. मधुमेहाची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, चालू ठेवली, पण उलट्या-जुलाब झाले तर तीही न घेता आधी फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर १३२. मी खूश. स्टेरॉइडने शुगर वाढते म्हणतात, आपली कुठे वाढली? संध्याकाळी पाचला पाहिली तर ३२७. सकाळच्या गोळीचा जोर दुपारनंतर चढतो आणि रात्री उतरतो, म्हणून नुसत्या सकाळच्या आकड्यावर जायचं नाही, हे मला फोनवर कळलं.

खरी गंमत त्याच रात्री. खोकल्याची उबळ आली म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून दम्याच्या निळ्या पंपाचे चार पफ घेतले. दहा मिनिटांत हात लटलट कापायला लागले, छातीत धडधड. मला वाटलं, शुगर उतरली! अंधारातच स्वयंपाकघरात गेले, साखरेच्या डब्यात हात घातला आणि चिमूटभर तोंडात टाकणार, तेवढ्यात ह्यांनी दिवा लावला. "आधी मशीन." बोट टोचलं तर ४११. दोघेही गार. मग ह्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. साखरेचे कण चिकटलेले! साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. २८६. तेही काही कमी नव्हतं, पण लो तर अजिबात नव्हती.

थरथर होती ती निळ्या पंपातल्या औषधाची, साल्ब्युटामॉलची. शिवाय माझ्या गोळ्यांनी एरवी शुगर सहसा एवढी उतरतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. इन्सुलिनवाल्यांचं वेगळं, त्यांची खरंच उतरलेली असू शकते, त्यांनी तर तपासायलाच हवं. स्टेरॉइड असेपर्यंत डॉक्टरांनी मला शुगरची आणखी एक गोळी दिली आणि बजावलं, पाचव्या दिवशी ते संपलं की हीसुद्धा बंद, नाहीतर मग मात्र साखर शोधावी लागेल.

या सगळ्यात समोरच्या काकू रोज काढा आणून देत होत्या, आलं, गवती चहा आणि भरपूर गूळ. "गुळाने काही होत नाही गं, तो नैसर्गिक असतो." आजारी माणसाने वाद घालू नये म्हणून मी तांब्या घ्यायचे. प्यायले मात्र हे. त्यांचा खोकला गेला म्हणे, जो मुळात नव्हताच.

ग्लुकोमीटर आता साखरेच्या डब्यावरच ठेवलाय ह्यांनी, रबरबँड लावून.