नळ आवळू नका, स्पिंडल बदला

मागच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातला ओट्यावरचा नळ गळायला लागला. आधी नुसतं नळाच्या तोंडाशी पाणी लोंबायचं, मग चारपाच दिवसात टपटप सुरू झाली आणि आईची झोप गेली. दिवसा घरात टीव्ही असतो, पोरं असतात, मिक्सर असतो, काही ऐकू येत नाही, पण रात्री लाईट बंद करून सगळे आडवे झाले की तो एकच आवाज राहतो. आई दोनतीनदा उठायची, नळाखाली गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात) ठेवायची, भरला की बकेटीत ओतायची, परत येऊन पडायची. मी म्हटलं आई झोप ना, उद्या पाहू, तर म्हणे, "पानी वाया चाललं अन् मी कशी झोपू रे बाबू."

आता हे ज्याला विहिरीचं पाणी मुबलक आहे त्याला कळायचं नाही. आमचं गाव अकोटच्या खाली पूर्णा नदीकडे, म्हणजे खारपाणपट्ट्यात. वर सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याचे बगीचे, केळी, गोड पाणी, आणि तिथून गाडीवर थोडंसं खाली आलं की जमिनीखालचं पाणी खारट. अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यात पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी हा पट्टा पसरलेला आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांडं वाळलं की त्यावर पांढरा थर. पिण्याचं पाणी येतं ते वान धरणाचं, वारीच्या हनुमान सागरातून, ८४ खेडी योजनेच्या पाईपलाईनीनं. ते यायच्या आधी आईनं काय काढलं ते ती आजही सांगते, डोक्यावर दोन गुंड, म्हणजे हंडे, आणि काखेत एक, किंवा उन्हाळ्यात बंडीवर ड्रम टाकून दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायचं आणि नंबर लावून बसायचं. त्या बाईसमोर गोड पाणी रात्रभर मोरीत जात असेल तर तिला झोप येणारच नाही, आणि मला ते पटतं.

म्हणून मी एक दिवस मोजलंच. रात्री १० ला रिकामा गंज ठेवला, मोठावाला, आणि आईला सांगितलं आज उठू नको, मावते त्याच्यात. सकाळी ६ ला लिटरच्या बाटलीनं मोजून ओतलं तर ५ बाटल्या. ८ तासात ५ लिटर म्हणजे दिवसाला १५, महिन्याला ४५० लिटर! आमची गच्चीवरची टाकी ५०० लिटरची आहे. म्हणजे महिन्याला जवळपास एक टाकी त्या एका थेंबाथेंबानं जात होती. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय, त्या हिशोबानं ते एका माणसाचं ८ दिवसांचं पाणी झालं. हा हिशोब मी घरात सगळ्यांना सांगितला, कारण तोपर्यंत मी पण "थेंबानं काय होते" याच मताचा होतो.

बाबांचा उपाय एकच, नळ जोरानं आवळा. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचं सगळं आयुष्य पितळी तोटीत गेलं. ती तोटी चारपाच आटे फिरवून बंद व्हायची, आत दांड्याच्या टोकाला रबराचा वायसर असायचा, तो खाली बसकणीवर दाबला की पाणी बंद. वायसर झिजला की थोडं जास्त आवळायचं, अजून झिजला की जुन्या चपलीच्या तळव्यातून गोल कापून नवा बसवायचा, पैसा शून्य. बाबांनी असे किती वायसर कापले असतील त्याची गिनती नाही, अर्ध्या गल्लीच्या तोट्या त्यांनी चालू ठेवल्या.

पण आजकालचा नळ तसा नाही हे समजून घ्या. हा जो पाव फेऱ्यात चालू-बंद होतो ना, चकचकीत, लांब मुठीचा, त्याच्या आत वायसर दाबला जात नाही. आत एक पितळी नळकांडं असतं, त्याला कोणी कार्ट्रिज म्हणते, आमच्याकडे दुकानात स्पिंडल म्हणतात. त्याच्यात चिनीमातीसारख्या पांढऱ्या दोन चकत्या एकीवर एक बसलेल्या असतात, दोघींना भोकं. मूठ फिरवली की वरची चकती फिरते, भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, भोकासमोर सपाट भाग आला की बंद. त्या चकत्या इतक्या गुळगुळीत घासलेल्या असतात की मधून पाणी जाऊ शकत नाही. म्हणजे इथं जोराचा काही संबंधच नाही! मूठ ९० अंशात फिरली की तिचं काम झालं, त्याच्या पुढं तुम्ही जेवढं आवळाल तेवढं आतलं अडकण मोडते, मुठीचे दात झिजतात, आणि चकतीत खडा अडकला असेल तर चकतीचा काठच उडतो. आमच्या नळात नेमकं हेच झालेलं निघालं, पुढं सांगतो.

प्लंबरला फोन केला होता, तो तालुक्याला राहतो, लग्नसराईत त्याच्याकडे घरांची कामं चालू, म्हणे आठ दिवसांनी पाहू. आठ दिवस म्हणजे १२० लिटर. मग मी ठरवलं आपणच करू.

पहिली अडचण पाणी बंद करायची. ओट्याच्या खाली आंगल कॉक नाही, बांधकामाच्या वेळी मिस्त्री म्हणाला होता काय गरज आहे आणि आपणही ऐकलं (नवीन घर बांधत असाल तर प्रत्येक नळाच्या मागं बंद करायची सोय घ्याच, तेव्हाचा थोडा खर्च पुढं लय कामी येतो). गच्चीवर टाकीच्या खाली वॉल आहे पण तो खारानं असा जाम झालेला की दोन्ही हातानं फिरेना, आणि जोर केला असता तर पाईप तुटून टाकीच रिकामी झाली असती. मग मी वाट पाहिली. ज्या दिवशी सकाळी नळ येणार त्याच्या आदल्या दिवशी टाकीत तसंही पाणी तळाला जाते, त्या दुपारी आईनं उरलेलं सगळं गुंड, गंज, बकेटी, कुलरची टाकी यात भरून घेतलं, एक थेंब मोरीत जाऊ दिला नाही, आणि मग मी पाना घेतला.

मुठीच्या वर एक छोटं टोपण असते, निळा-लाल ठिपका असलेलं, ते नखानं नाहीतर सुरीच्या टोकानं उचकलं की खाली स्क्रू दिसतो. पेचकसनं तो काढला. एवढं सोपं. पण मूठ निघेना. स्पिंडलच्या दांड्याला दाते असतात आणि मूठ त्या दात्यांवर बसते, त्या दात्यांच्या फटीत खार जाऊन सगळं एकजीव झालेलं. बाबा म्हणे हातोडी आण. मी नाही म्हटलं, आधी एक निंबू कापलं, अर्धं निंबू मुठीच्या तोंडात पिळलं आणि बाकी सालासकट तिथंच दाबून ठेवलं, अर्धा तास. हा खार म्हणजे बराचसा चुन्याचाच भाऊ, आंबट लागलं की सुटतो, बारीक बारीक बुडबुडे येताना दिसतात. संडासचं ॲसिड मात्र चुकूनही लावू नका, नळाची चकाकी जाते. अर्ध्या तासानं कपडे धुवायच्या मोगरीनं खालून हलकं हलकं ठोकत गेलो, चारी बाजूंनी, आणि मूठ कट्टदिशी वर आली.

तिच्या खालची चकचकीत वाटी हातानंच फिरली. आता खाली पितळी स्पिंडल, त्याला पाना बसायला सपाट बाजू असतात. इथं एक गोष्ट जीव लावून सांगतो, एका हातानं पाना फिरवायचा तेव्हा दुसऱ्या हातानं नळाचं धड घट्ट पकडायचं, नाहीतर कोणाला तरी पकडायला लावायचं. नुसता पाना मारला तर स्पिंडल निघायच्या ऐवजी अख्खा नळ फिरतो आणि भिंतीतला पाईप मुरगळतो, मग शंभर-दोनशेचं काम टाईल्स फोडण्यावर जाते. बाबांनी फडकं गुंडाळून नळ पकडला आणि मी पाना उलटा फिरवला, पहिल्या झटक्याला थोडा आवाज झाला, मग सरसर निघाला.

पेपर पसरून त्यावर तो स्पिंडल ठेवला आणि खालचं रबर काढून चकत्या बाहेर घेतल्या. दोघी एकमेकीला अशा चिकटलेल्या जशा ओल्या काचा चिकटतात, ओढून निघत नाहीत, सरकवून काढाव्या लागतात. खिडकीच्या उजेडात धरल्या. खालची चांगली होती. वरच्या चकतीच्या भोकाच्या काठाला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला, आणि त्याच्या बाजूलाच लालसर रेतीचा एक दाणा खारात रुतून बसलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, होळीच्या आसपास गावात रस्त्याच्या कामात पाईप फुटला होता, जोडल्यावर दोन दिवस मुरमाचं लाल पाणी आलं आणि तेच टाकीत चढलं. दाणा आत अडकला, नळ नीट बंद होईना, आम्ही आवळत गेलो, टवका उडाला. चकतीखालचं रबर पण कडक होऊन चपटं झालेलं, त्याची उसळीच गेली होती, त्यामुळं चकत्या एकमेकीवर दाबल्या जात नव्हत्या. बाबांनी चकती हातात घेऊन अंगठ्यानं चाचपली, म्हणाले, "हे तं कपासारखं हाय. याले आवळून काय होते मंग." बस, तेव्हापासून त्यांनी नळ आवळणं सोडलं.

जुना स्पिंडल रुमालात बांधून अकोटला गेलो. हे फार महत्त्वाचं आहे, जुना नग सोबत नेल्याशिवाय जाऊ नका, नुसता फोटो पण चालत नाही. वरून सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येक कंपनीची लांबी वेगळी, दाते वेगळे, आणि कोणता डावीकडे फिरून उघडतो कोणता उजवीकडे. दुकानदारानं विचारलंच, "जुना आनला का भाऊ? मग ठीक हाय." त्यानं काउंटरवर दोन्ही बाजूबाजूला उभे केले, उंची पाहिली, मग दांड्यावरचे दाते मोजले, २४ निघाले. पहिला डबा २० चा होता. मी तोच घेऊन आलो असतो तर मूठ बसली नसती आणि परत एक चक्कर. २४ दात्यांत एक १२० रुपयांचा होता, एक त्याच कंपनीचा २६०. मी २६० वाला घेतला, कारण त्याचं खालचं रबर जाड आणि मऊ होतं. सोबत टेफ्लॉन टेप पण दिला त्यानं, पण स्पिंडलला टेप लागत नाही, तिथं त्याची स्वतःची रिंग असते, टेप भिंतीतल्या आट्याला.

घरी आल्यावर बसवायची घाई केली नाही. नळाच्या आतली बसकण जुन्या टूथब्रशनं घासली, फडक्याचं टोक काडीला गुंडाळून पुसली. सकाळी नळ आला, टाकीत थोडं पाणी चढलं, तेव्हा स्पिंडल न लावताच नळाच्या उघड्या तोंडावर बकेट धरून तांब्या-दोन तांबे पाणी जाऊ दिलं. आणि खरंच, बकेटीच्या तळाला रेती आणि पांढऱ्या पापड्या आल्या! हे धुतलं नसतं तर तीच रेती नव्या चकत्यात गेली असती. (ते पाणी आईनं तुळशीला आणि कढीपत्त्याला घातलं.) पाणी थांबायला मोटर बंद करून टाकी उतरू द्यावी लागली, आंगल कॉक असता तर हे सगळं पाच मिनिटांचं होतं.

मग नवा स्पिंडल आधी हातानं फिरवून बसवला, आटे बरोबर धरले की तो हातानंच तळापर्यंत जातो, अडला तर समजा तिरपा चाललाय, काढून परत लावा. शेवटी पान्यानं फक्त जरासा दाब. रबराला मोबिल ऑईल, रॉकेल असलं काही लावू नका, रबर फुगते, साधं पाणी लावलं तरी बसतो. मूठ दात्यांवर ठेवायच्या आधी स्पिंडल बंद करून घ्यायचा आणि मग मूठ जिथं बंदमध्ये पाहिजे तिथं धरून दाबायची, नाहीतर ती उलट्या बाजूला तोंड करून बसते.

नळाच्या तोंडची जाळी पण फिरवून काढली. अर्धी भोकं खारानं बुजलेली, रात्रभर निंबूच्या पाण्यात बुडवून ठेवली, सकाळी ब्रश मारला तर धार नव्यासारखी.

त्या रात्री आईनं तरी गंज ठेवलाच नळाखाली. सकाळी कोरडा होता, तिनं बोट फिरवून पाहिलं आणि त्याच गंजात दूध तापवलं.

आता गल्लीत बातमी फिरली. परवा शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या न्हाणीतला नळ गळतो. मी पाना घेऊन गेलो तर ती जुनी पितळी तोटी, चार आट्याची. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, तुमचं काम आहे. बाबा उठले, पलंगाखालून तुटलेली चप्पल काढली, पावली ठेवून पेनानं गोल आखला आणि कात्रीनं वायसर कापायला बसले.