टिपा रोडवरचं गाणं

हिमाचलमधल्या धरमशाळेजवळच्या मॅक्लिओडगंजच्या चौकातून धरमकोट गावाकडे जो चढ निघतो, त्याला सगळे टिपा रोड म्हणतात. टिपा म्हणजे तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. त्रिउंडच्या ट्रेकला निघालेली मंडळी इथे न थांबताच वर जातात. मी मात्र खास या संस्थेसाठीच आले होते.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात पोचले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ही संस्था सुरू झाली. त्यांच्या मागून तिबेट सोडून येणाऱ्या हजारो लोकांना तेव्हा धड छप्पर नव्हतं. कितीतरी जण हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होते. अशा दिवसांत गाणं-नाच जपायची सोय आधी करावीशी वाटली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आत सराव चालला होता. इथल्या पारंपरिक संगीतनाट्याला ल्हामो म्हणतात. साथीला फक्त ढोल आणि झांजा, बाकी सगळा भार गळ्यावर. या नाट्याचं श्रेय चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या थांगतोंग ग्याल्पो या सिद्धपुरुषाला देतात. नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधायला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी सात बहिणींना घेऊन गाण्या-नाचाचे खेळ केले, अशी कथा आहे.

बाहेर पायरीवर एक तरुण वादक द्रान्येन जुळवत बसला होता. लांब दांडीचं तंतुवाद्य, टोकाला कोरलेलं घोड्याचं तोंड, तारा सहा पण जोडी-जोडीने लावलेल्या. त्याचा जन्म कर्नाटकातल्या बैलकुप्पेचा. तिबेट त्याने पाहिलेलंच नाही. "दीदी, माझे पोला मनालीकडे रस्त्यावर काम करायचे," तो हिंदीत म्हणाला. पोला म्हणजे आजोबा. त्या कामगारांवर त्याने गाणं रचलंय. ते रडकं असेल असं मला वाटलं होतं, पण त्याने चक्क पाय आपटत ठेक्यात म्हटलं. दगड फोडतानाही माणसं अशीच गायची, असं आजोबांनी त्याला सांगितलं होतं.

मग फोनवर त्याने एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. १९९३ मध्ये ल्हासाच्या द्रापची तुरुंगात चौदा भिक्षुणींनी चोरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली आणि कॅसेट बाहेर पाठवली. त्याबद्दल त्यांच्या शिक्षा वाढवल्या गेल्या. त्यांच्यातल्या फुंत्सोग न्यिद्रोन यांची नऊ वर्षांची सतरा झाली. टेपची खरखर, मागे दबक्या आवाजातले सूर. शब्द कळत नव्हते, तरी मला मध्येच ते थांबवायला सांगावं लागलं. ऐकवेना.

त्या संध्याकाळी गोरशे होतं, म्हणजे गोल धरून नाचणं. बुधवार हा ल्हाकारचा दिवस. तिबेटमधल्या २००८ च्या आंदोलनानंतर या दिवशी तिबेटी बोलायचं, चुपा म्हणजे पारंपरिक झगा घालायचा, आपली गाणी म्हणायची, ही रीत रुजली. चुपा घातलेल्या आज्या, जीन्समधली पोरं, सगळे एकाच फेरात. एका मोलांनी, म्हणजे आजीबाईंनी, माझा हात धरून मला आत ओढलं. माझी पावलं सारखी चुकत होती आणि त्या दर वेळी बोटाने पाय दाखवून पुढचं पाऊल शिकवत होत्या.

मी नागपूरची. आमच्याकडे हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी लहानपणापासून पाहिले, पण ते काय गातात हे कधी विचारलं नाही. गोंदिया जिल्ह्यातली नोर्ग्येलिंग वसाहत तर आमच्या विदर्भातलीच, १९७२ पासूनची. लोसारला, त्यांच्या नववर्षाला, तिथे जायचं ठरवलंय. कुणी येणार असेल तर कळवा, गाडीत जागा आहे.