चालायला जास्त, होडीला कमी

मी अलिबागला राहते आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांना, म्हणजे खरं तर त्यांच्या चार ते नऊ वर्षांच्या मुलांना, फिरवते. हे माझं काम आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "दमत नाही का हो?" दमते. पण मुलांमुळे कमी, नाश्त्यामुळे जास्त.

नाश्त्याचं असं, की कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जायचं, भरतीला होडीनं. त्यामुळे सहलीची वेळ आम्ही ठरवत नाही, तिथी ठरवते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही, तेव्हा मी किल्ल्याचं नावच काढत नाही.

त्या रविवारी माघ वद्य तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. भरती दुपारी सव्वादोनला, ओहोटी सकाळी आठ-सव्वाआठला. थंडी संपत आलेली, माघी गणपतीची गर्दी ओसरलेली, आभाळ स्वच्छ. याहून चांगला दिवस मिळत नाही. साडेसहाला निघायचं, साडेनऊला परत. गेटवेवरून सकाळच्या बोटीनं मांडव्याला उतरून हे जमत नाही, म्हणून सातही कुटुंबांना मी शनिवारीच मुक्कामाला बोलावलं होतं. साडेसहाला अंगणात अकराच्या अकरा मुलं तयार. बूट घालून, बाटल्या गळ्यात. त्यांचे आईबाप मात्र चहाच्या दुसऱ्या फेरीला. मग पोहे झाले. मग कुणाच्या तरी पोह्यांत मिरची निघाली म्हणून दुसरे झाले. निघालो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. पाणी उतरायचं तेवढं उतरून परत फिरायच्या बेतात होतं.

तेव्हाच बेत बदलायला हवा होता. घोडागाडी करायची, किंवा सरळ दुपारच्या होडीनं जायचं. पण चालत जाण्यातच तर सगळी मजा, आणि माझ्याकडे छापील कागद होता. त्यावर नऊ उपक्रम, प्रत्येकापुढे मिनिटं. आता तो कागद बघितला की कानकोंडं व्हायला होतं. 'बुरूज मोजा : ७ मिनिटं.' सात!

वाळूवर उतरल्याबरोबर तो कागद निकालात निघाला. ओल्या वाळूत बारीक खेकडे गोळ्या करून ठेवतात ना, मोहरीएवढ्या, बिळाभोवती नक्षीसारख्या? अकरा मुलं तिथेच बसली. पंचवीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

मुलांची नावं मी इथे लिहिणार नाही, पण मनातल्या मनात मी त्यांना नावं ठेवतेच. एक 'भोंगा' होता. एक 'का-का', जो प्रत्येक वाक्याच्या शेवटी का विचारायचा. एक 'कस्टम', ज्याच्या खिशात प्रत्येक दगड तपासून जायचा. आणि एक 'गिरकी'. साडेचार वर्षांची. चालत नव्हतीच ती, स्वतःभोवती फिरत पुढे सरकायची. तिच्या बाबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "हिला कुणी दोन मिनिटं एका जागी बसवून दाखवा, पाचशे रुपये." लोक हसले. आईला ते आवडलेलं दिसलं नाही.

सगळ्या मुलांना मी एकसारख्या पिवळ्या टोप्या देते. किल्ल्यावर इतरही माणसं असतात, लांबून मोजायला टोप्या बऱ्या पडतात. अकरा मुलं, अकरा टोप्या.

किल्ला मुलांना आवडला, म्हणजे मी सांगत होते ते सोडून सगळं आवडलं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चाललं, हे आयांनी ऐकलं. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, हे बाबांनी ऐकलं आणि फोटो काढले. मुलांनी फटीत हात घालून आत खेकडा आहे का ते पाहिलं. कस्टमचा हात अडकला. सरबतवाल्या मावशींनी लिंबाचं पाणी लावून तो सोडवला.

चारी बाजूंनी खारं पाणी आणि आतल्या विहिरीचं गोडं, हे मात्र का-काला पटेना. "कुणी साखर घातली का?" मी पावसाचं पाणी, झिरपणं वगैरे समजावलं. तो शेवटी म्हणाला, "पण का?"

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर १८४९ साल आहे, म्हणजे आंग्र्यांचं राज्य खालसा झाल्यानंतरच्या. सगळे त्या आंग्र्यांच्या समजून फोटो काढतात. मी दर वेळी सांगते, दर वेळी कुणीतरी नाराज होतं. मुलांना तोफेपेक्षा तिचं चाक आवडलं. कागदावर तोफेला पाच मिनिटं होती, तिथेच वीस गेली.

दहा वीसला मी सगळ्यांना दारापाशी गोळा केलं आणि टोप्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या, अकरा. निघालो.

दाराबाहेर तीस-चाळीस पावलं गेलो असू. पाणी घोट्यापर्यंत होतं, मुलं उड्या मारत होती. गिरकीची आई मागे वळून म्हणाली, "ताई, ती तुमच्याजवळ आहे ना?"

मी म्हटलं, "नाही, तुमच्याजवळ..." आणि तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. ऊन लागतंय म्हणून त्यानं लेकीची टोपी घातली होती. लहान होती ती, कशीबशी कपाळावर टेकवलेली. ती मी मोजली होती. एकदा नव्हे, दोनदा.

पुढची बारा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. माझ्या मदतीला असलेल्या कॉलेजच्या मुलाला सगळ्यांना परत दारात न्यायला सांगितलं, ते आठवतं. पुष्करणीकडे धावले, आधी तिकडेच, कारण पाणी. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. मी पाण्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. हिरवं, संथ, वर एक पान. मग विहीर. मग सिद्धिविनायकाचं देऊळ. तिची आई हाका मारत होती आणि तो आवाज तटावर आपटून परत येत होता. बाबा काही बोलत नव्हते, टोपी हातात गच्च धरून नुसते पळत होते.

ती भोंग्याला सापडली. तो शोधायला वगैरे गेला नव्हता, तोफेच्या चाकाचा निरोप घ्यायला परत गेला होता. तिथून त्यानं भोंगा लावला, "ही इथे झोपली!"

तोफेच्या गाड्याखाली सावलीत, गुडघे पोटाशी घेऊन, गालाखाली हात. एक बूट पायात, एक शेजारी. चाकाच्या आरीला तिनं आपली बाटली टेकवून ठेवली होती, उशाशी तांब्या ठेवावा तशी. दोन मिनिटं एका जागी न बसणारी पोर अर्धा तास तरी झोपली असणार. पहाटे पाचपासून ती फिरत होती. दमणार नाही तर काय? हे मला सुचायला हवं होतं, तेच तर माझं काम.

आईनं तिला उचललं आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. पुढचं सगळं सांगताना मला ते बघणं मधे येतं.

परत दाराशी आलो तर पावणेअकरा. कॉलेजचा मुलगा पाण्यात थोडा पुढे जाऊन परत आला आणि मांडीवर हात ठेवून दाखवला, इथवर. अजून बराच रस्ता बाकी, वाळूतल्या सखल जागा दर पावसाळ्यानंतर बदलतात, आणि त्याच्या मांडीएवढं पाणी म्हणजे आमच्या निम्म्या मुलांच्या छातीच्या वर. घोडागाडीवाल्याला फोन केला. "आता घोडं घालत नाय ताई." होडीवाल्याला केला. तो म्हणाला, "आत्ता कुठं? वाळूला टेकंल. साडेबारा धरा."

म्हणजे पाणी चालायला जास्त आणि होडीला कमी. पावणेदोन तास अकरा मुलं, चौदा मोठी माणसं, बिस्किटांचे चार पुडे, थोडी चिक्की. माझे नऊच्या नऊ उपक्रम संपलेले.

एका वडिलांनी स्पीडबोट मागवता येईल का विचारलं, पैशाचा प्रश्न नाही म्हणाले. मी म्हटलं, तिलाही पाणीच लागतं. हे जरा तिरकस झालं. पण त्या क्षणी मला स्वतःचाच इतका राग आला होता की दुसऱ्यावर थोडा निघाला.

पहिली मदत केली सरबतवाल्या मावशींनी. "पोरांना कामाला लाव, गप बसतील," म्हणाल्या, आणि माझी वाटही न बघता लावलंसुद्धा. दोघं लिंबं चोळायला, दोघं ग्लास विसळायला, भोंगा गिऱ्हाईक बोलवायला. गिऱ्हाईक आम्हीच. भोंग्यानं स्वतःच्या आईला तीन सरबतं विकली. मावशींनी सगळ्यांना बोरं वाटली आणि बिया मोजून परत मागितल्या, कशासाठी ते काही सांगितलं नाही. पोरं एक बी तोंडातून पडू देईनात. मुलांना वर्षानुवर्षं फिरवणारी मी, मला हे सुचलं नव्हतं.

ते अर्धा तास टिकलं. मग मी सगळ्यांना दाराखालच्या वाळूवर आणलं. मोठी माणसं पाण्याच्या बाजूला ओळीनं उभी केली आणि प्रत्येक मुलाला एक शिंपला शोधायला सांगितलं. पाण्याच्या कडेपासून तटाच्या दिशेनं एकेका पावलावर एकेक शिंपला मांडायचा. आपला कधी बुडतो ते बघायचं. एवढंच. छापील कागदावर हे कधीच आलं नसतं, 'बसून पाणी बघा' याचे पैसे कोण देणार?

भरती सारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढं पाणी येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. आम्ही नेमके तिसऱ्या तासाच्या शेवटी बसलो होतो, पाणी ऐन घाईत असताना. पहिला शिंपला कस्टमचा. लाट आली, भिजवून गेली. "नाही बुडला!" दुसरी आली. "अर्धा!" तिसरीनं फेस घेऊन जाताना त्याच्या बुडाखालची वाळू काढली, शिंपला एका अंगावर कलला आणि गेला. कस्टम म्हणाला, "तो माझा होता," आणि खिशातला दुसरा दगड काढून चाचपून परत ठेवला.

दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला मोठ्यांनी पैजा सुरू केल्या, चिक्कीच्या. स्पीडबोटवाले वडील उकिडवे बसून लाटा मोजत होते आणि दर सातवी लाट मोठी असते असा सिद्धांत मांडत होते. असं काही नसतं, पण मी बोलले नाही. का-कानं विचारलं, "पाणी कुठून येतं?" मी चंद्र म्हटलं. त्यानं वर बघितलं. चंद्र तेव्हा मावळलेला होता. "नाहीये तर." याचं उत्तर त्याला पटेल असं मला आजही देता येत नाही.

शेवटचा शिंपला गिरकीचा होता, सगळ्यात मागे, तटाला जवळजवळ चिकटून. आई तिला सोडत नव्हती, म्हणून ती मांडीवर बसूनच बघत होती. साडेबाराला होडी दिसली तेव्हा तिच्या शिंपल्यापर्यंत दोन पावलं कोरडी होती. तिनं निघायला नकार दिला. होडी थांबेना, ती उठेना. तशीच उचलून नेली, ती किंचाळत होती, "माझा राहिला!"

होडीत चढताना मी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. होडीवाल्यानं त्याच्या पद्धतीनं मोजलं. मी पलीकडे उतरताना पुन्हा मोजलं. गिरकीच्या बाबांनी तिची टोपी मला परत दिली, ओली.

त्या कुटुंबाची फी मी त्याच संध्याकाळी परत केली. त्यांनी मागितली नव्हती, पण नको असंही म्हणाले नाहीत. सहलीनंतरच्या गप्पांत बाकीच्यांनी शिंपल्यांचे फोटो टाकले, "पुढच्या वेळी पण हेच ठेवा" वगैरे. तिच्या आईनं एकही शब्द लिहिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

आठएक दिवसांनी रात्री तिचा एक फोटो आला. सोबत मजकूर नाही. बाथरूमची फरशी, नळाखाली भरून सांडणारी बादली, आणि फरशीवर ओळीनं मांडलेल्या बाटल्यांची झाकणं. पाणी पाचव्या झाकणापर्यंत आलेलं. सगळ्यात मागे, उंबऱ्याशी, एक झाकण कोरडं, आणि त्याच्या शेजारी दोन लहान पाय.