काळं ऑईल

खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भरतं, तसं माझ्या गाडीच्या ऑईलचंही भरतं. गाडीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं छापलंय. धुळ्याच्या देवपुरातून बाजार आणि अधूनमधून गाव, एवढंच फिरणाऱ्या गाडीचं वर्षच आधी होतं.

यंदा पुढची चाकं ओंडक्यांवर चढवून, मागच्यांना दगड लावून, गोणपाट अंथरून खाली शिरलो, तर गेटपाशी दोन चपला येऊन थांबल्या.

"काय करी ऱ्हायना रे भो? गाडी बिघडनी का?"

"नही, ऑईल बदली ऱ्हायनू."

"कितला पैसा वाचतस मंग?"

खरं सांगायचं तर फारसे नाही. कॅन आणि फिल्टर विकतच आणावा लागतो, वाचते ती नुसती मजुरी. पण गॅरेजमधला पोऱ्या ऑईलच्या चेंबरचा बोल्ट काढतो आणि आपला चहा संपायच्या आत बोल्ट परत बसलेला असतो. मला शेवटचा थेंब बघायचा असतो. इंजिन जरा गरम करून बोल्ट सोडला की आधी धो-धो धार येते, कोपरापर्यंत हात माखतो. मग धार बारीक होते, वाऱ्याने डबड्याच्या काठाकडे सरकते, तुटते. आणि मग थेंब. एक पडला की दुसरा चेंबरच्या काठावर जमायला लागतो, फुगतो, थांबतो, आता पडणार नाही असं वाटतं तेव्हाच पडतो. मूठभर जुनं ऑईल आत राहिल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. तरी मी पडून राहतो. मे महिन्यातल्या धुळ्यात दुपारी अंग टाकायला गाडीखालच्याइतकी गार फरशी दुसरी नाही, हेही एक कारण असेल.

बाकीचं पटकन होतं. नवा वायसर, फिल्टरच्या रबराला नव्या ऑईलचं बोट, फिल्टर हातानेच आवळायचा. कॅनवर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीचा. त्या ऑईलची परीक्षा उणे 30 अंशांत घेतात म्हणे. धुळ्याचा पारा पाच-सहावर आला तरी आमच्याकडे पेपरात मोठी बातमी होते.

गावाकडे आमचे नाना मात्र आकडे बघायचे नाहीत, बोटं बघायचे. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. वरची कळ उचलून धरायचं काम माझं. नाना हँडल फिरवत दम लागेपर्यंत वेग आणायचे, मग ओरडायचे, "सोड!" कळ सोडली की एक धक्का, काळा धूर, आणि फट् फट् सगळ्या शिवारात. ऑईल बदलायच्या दिवशी ते जुनं ऑईल अंगठा आणि बोटात घोळवायचे, वास घ्यायचे आणि मान हलवायचे. त्यातून काय कळायचं, देव जाणे. ऑईल काळं पडतं ते काजळी धरून ठेवतं म्हणून. काळं म्हणजे वाया गेलं, असं नसतं. तरी मीही बोटात घोळवतो. मानही हलवतो.

त्या काळ्या ऑईलला गावात गिऱ्हाईकं असायची. इंजिन थंड व्हायच्या आत कुणी तरी डबडं घेऊन बांधावर हजर. चौकटीला वाळवी लागलीय, गोठ्याचं दार करकरतंय, तिफण-वखर पुढच्या हंगामापर्यंत माळ्यावर टाकायचंय. एका म्हातारीला कशाला हवं असायचं ते तिने कधीच सांगितलं नाही, पण पहिलं डबडं तिचं. आता विहिरीत पाणबुडी मोटर आहे, चौकटी लोखंडी आहेत, आणि माझ्या जिन्याखाली काळ्या ऑईलचे कॅन साठलेत.

सरकारच्या 2016च्या नियमांत हे ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. वाचलं तेव्हा मला इंजिनाचा ओटा आठवला. डबडी भरून उरलेलं नाना तिथेच ओतायचे. ओट्याभोवती हातभर जमीन काळी कुळकुळीत, तिथे काँग्रेस गवतसुद्धा उगवायचं नाही. आम्हाला ते सोयीचं वाटायचं. साप-विंचू दिसला असता. विहीर तिथून आठ-दहा पावलांवर, आणि घरचं प्यायचं पाणी त्याच विहिरीचं.

हायवेवरचा गॅरेजवाला म्हणतो, आणून द्या, पिंप भरलं की माणूस येऊन घेऊन जातो. कोण माणूस, कुठे नेतो, विचारलं तर तो माझ्याकडे असा बघतो की मीच काहीतरी लपवतोय. विचारून खात्री झाली की देईन. तोवर बायकोने जिन्याखालची जागा मागू नये, एवढंच.