ब्रह्मांडातलं अंडं

‘ब्रह्मांडातलं अंड म्हणजे आपलं नेहमीचं अंडंच का हो?’ मी मराठी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेकदा जरा चाचरत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, तेच अंडं.

छांदोग्य उपनिषदात तर ते फुटतंसुद्धा. वर्षभर पडून राहिल्यावर त्याची दोन शकलं होतात. चांदीचं शकल ही पृथ्वी, सोन्याचं ते आकाश. बाहेरच्या आवरणाचे डोंगर झाले, आतल्या आवरणाचे ढग आणि धुकं, शिरांच्या नद्या, पाण्याचा समुद्र. जन्मला तो सूर्य. उकडलेलं अंडं सोलताना कवचाखालचा ओला पापुद्रा बोटाला चिकटतो ना? त्यात ज्याला धुकं दिसलं, त्यानं फुटलेलं अंडं नक्की जवळून निरखलं असणार. म्हणून ब्रह्मांड थोर आणि अंडं हलकं, असं कुणी मानलं की मला वाईट वाटतं.

पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात तेही अंड्यामुळेच: एकदा अंडं म्हणून जन्म, मग कवच फोडून पुन्हा. सांचीच्या स्तूपाचा घुमटही ‘अंड’च.

बोलण्यातला माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र ‘अंडीपिल्ली’. ‘मला त्याची सगळी अंडीपिल्ली ठाऊक आहेत’ म्हणजे त्याची सारी गुपितं ठाऊक आहेत. नुसती अंडी म्हणून भागलं नाही, पिल्लीही लागली. उघडकीला आलेलं आणि अजून आत दडलेलं, दोन्ही एका शब्दात आलं.

शास्त्राच्या मराठीत तर फारच सुंदर अदलाबदल झाली आहे. बाईच्या अंडाशयात तयार होतं ते ‘स्त्रीबीज’ आणि फुलाच्या अंडाशयात असतं ते ‘बीजांड’. झाडाचं बी बाईला मिळालं, पाखराचं अंडं फुलाला. फलन झालं की बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी जास्वंदीचं फूल वर्गात नेते. देठाजवळचा फुगीर भाग ब्लेडनं उभा कापला की आत दाटीनं बसलेले इवलेसे पांढरे दाणे दिसतात. मागे एका मुलीनं ते टाचणीच्या टोकानं एकेक करून कागदावर काढले. ‘बाई, ही खरंच अंडी?’ म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.