एक नंबर, भिया!

परवा दुपारी आमच्या इंदूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनीने महेश्वरी साडी नेसलेला फोटो टाकला. चहाला उकळी येईपर्यंत बायकांची झुंबड उडाली. ‘अगं, रंग काय खुललाय तुला!’ ‘बुगडीचा काठ ना? पदर उलगडून दाखव की.’ ‘महेश्वरहून आणलीस की इथेच राजवाड्यावर?’ पुरुषांकडून आले ते अंगठे. त्यातला एक खुद्द दादाचा, शेजारच्या खोलीतून.

2022 मध्ये व्हॉट्सॲपने नुसती खूण उमटवायची सोय केली आणि आमचे उरलेसुरले शब्दही वाचले.

रामबागेतल्या घरी चैत्रात हळदीकुंकू असायचं. आंब्याची डाळ, पन्हं आणि येणारी प्रत्येक बाई आजीचा पदर दोन बोटांत धरून बघणार. बुगडीचा काठ दोन्हीकडून सारखाच, तरी उलटून बघायचाच. मग किंमत, मग विणकर, मग कुणाच्या सुनेचं बाळंतपण. साडी केव्हाच मागे पडलेली. आजोबांना आमटी आवडली की ते वाटी पुढे सरकवत. आजीला तेवढं पुरत असावं, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

जॅनेट होम्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये लोकांनी एकमेकांची केलेली तारीफ टिपून ठेवली. निम्म्याच्या आसपास बायकांनी बायकांची केलेली. पुरुषांनी पुरुषांची, शंभरात दहासुद्धा नाही. म्हणजे रामबाग तिकडेही आहे.

पण पुरुषांना शब्द सुचत नाहीत, हे साफ खोटं. सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाचा फोटो टाका, नाहीतर थंडीत तळलेल्या गराडू कंदाचा. हाच दादा लिहितो, ‘वरून जिरावण मसाला, मग लिंबू, आहाहा! एक नंबर, भिया!’ गराडूपुढे कसला आलाय संकोच?

दुसरी जागा श्रद्धांजलीची. काका गेले तेव्हा त्यांच्या मित्राने ग्रुपवर भलामोठा मजकूर लिहिला: काकांचं अक्षर, त्यांचा तबल्यावरचा ठेका, पांढऱ्या शर्टाची कडक इस्त्री. इतकं बारीक काकूंनीही कधी पाहिलं नव्हतं. दोघं रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जात. तेव्हा विषय गुडघ्यांचा.

ते आठवलं आणि त्या दुपारी मी एका जुन्या मित्राच्या फोटोखाली लिहिलं, ‘निळा रंग तुला फार शोभतो रे.’

लगेच फोन आला. ‘बोल भिया, कितने चाहिए?’