जिंकूनही मजा न येणारा माणूस

व्यसनमुक्ती विभागाच्या ओपीडीत बसलं की नवरा-बायकोची भांडणं ऐकायची सवय होते. पण त्या सकाळी आलेल्या बाई भांडत नव्हत्या, चक्रावलेल्या होत्या. "हे जन्मभर हिशोबनीस होते हो. लोकांच्या पैशांत एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि आता रात्र-रात्र फोनवर जुगार! ठेवी मोडल्या, मला पत्ता लागू दिला नाही."

काका साठी ओलांडलेले, मान खाली घालून बसले होते. जुगाराच्या रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो, तो विचारला. जिंकल्यावर कसं वाटतं?

"काही नाही वाटत. पुढचा डाव लावायचा असतो."

"आणि हरल्यावर?"

"तेच." मग जरा वेळाने म्हणाले, "मजा येत असती तर मलाही कळलं असतं, डॉक्टर. मला तो खेळ आवडतसुद्धा नाही."

असं बोलणं मला नवीन नाही. गर्द ओढणारी मुलं वर्ष-दोन वर्षांनी हेच सांगतात: आता चढत नाही, पण राहवत नाही. फक्त त्यांच्यामागे व्यसनाचा इतिहास असतो. इथे साठीपर्यंत विडीला न शिवलेला माणूस अचानक घसरला होता. बोलता बोलता माझी नजर त्यांच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे गेली. अंगठा आणि तर्जनी संथ लयीत एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी. पार्किन्सनचा कंप.

"औषधं कोणती चालू आहेत?"

बाईंनी पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर ठेवली. त्यात प्रामिपेक्सोल होतं. डोस कधी वाढवला आणि जुगार कधी सुरू झाला, या तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या. आधी डोस, काही आठवड्यांनी जुगार.

प्रामिपेक्सोल मेंदूत डोपामिनची, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाची, जागा घेतं. पार्किन्सनमध्ये हालचाल सांभाळणाऱ्या भागातलं डोपामिन कमी पडतं, म्हणून हे औषध. मात्र डोपामिनचा आणखी एक मार्ग आहे. तो मध्यमेंदूतून निघून न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या छोट्या भागात जातो. एखादी गोष्ट मिळवायला माणूस उठतो, धडपडतो, त्यामागे हा मार्ग असतो. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या काळात तो तुलनेने शाबूत राहतो. हातापायांना जेमतेम पुरणारा डोस त्याला जास्त होतो. शिवाय डोपामिन पेशीवर ज्या जागांना चिकटतं त्यांना रिसेप्टर म्हणतात; त्यातल्या ज्या डी-३ रिसेप्टरना प्रामिपेक्सोल विशेष घट्ट धरतं, ते तिथे दाट असतात. या गटातल्या औषधांनी काहींना जुगार लागतो, काही वेड्यासारखी खरेदी करतात, काहींची कामवासना आवरेनाशी होते. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून अधिक पार्किन्सन रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं वर्तन ही औषधं घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के होतं, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के.

बाईंचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे गोळीने यांना मजा यायला लागली?" नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली. कळ दाबली की मेंदूला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती कळ दाबतच राहिले. सुखाचं केंद्र सापडलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढे केंट बेरिज या मेंदूसंशोधकाने उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून पाहिलं. ते उंदीर समोर अन्न असूनही खायला जाईनात. पण जिभेवर साखरेचं पाणी घातलं की पूर्वीसारखेच ओठ चाटत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. काकांचं उलटं झालं होतं: ओढ वाढली होती, गोडी नव्हती.

मी त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावला. औषध एकदम तोडायचं नाही हे पक्कं होतं, कारण त्याने चिंता, नैराश्य, घाम आणि पुन्हा औषधाचीच तल्लफ असा त्रास होऊ शकतो. डोस पायरीपायरीने उतरवायचा आणि हालचालीसाठी लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर डोपामिन बनणारं औषध, वाढवायचं ठरलं. तोवर बँकेचे व्यवहार बाईंनी हातात घ्यायचे. हे ऐकून काका पहिल्यांदा मोकळेपणाने श्वास घेताना दिसले.

डोस उतरला तशी ओढही उतरली. हात थोडा जास्त थरथरू लागला, पण त्याची त्यांनी तक्रार केली नाही. गेलेले पैसे अर्थात गेलेच. "गोळीने केलं" हे बाईंना डोक्याने पटलं होतं, मनाने कितपत, ते मला सांगता येणार नाही.

त्याच सुमारास वॉर्डात गर्दचा एक तरुण होता. पूर्वी उपचार घेऊन तो काही महिने कोरडा राहिला होता. मग कुणाच्या तरी घरी चांदीचा कागद दिसला, गर्द ओढायला वापरतात तसा, आणि तो पुन्हा ओढायला बसला. मेंदूला शिकवलेली खूण अशी टिकून राहते. वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूसंशोधकाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिव्यानंतर रस मिळतो हे माकड शिकलं, की डोपामिनच्या पेशी रसाला नव्हे तर दिव्यालाच उसळू लागल्या.

त्या तरुणाचे वडील म्हणत, चैन करायला ओढतो. नाव-गाव न सांगता मी त्यांना काकांची हकीकत सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग याची कोणती गोळी कमी करता येईल?"

कमी करण्यासारखी गोळी नव्हतीच. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायची होती. गर्द जिथे चिकटते तीच जागा ती अडवून ठेवते आणि तल्लफ खाली आणते. पण गर्दचा अंमल उतरून अंग दुखायला लागेपर्यंत ती देता येत नाही. घाई केली तर सगळा त्रास एकदम उसळतो. म्हणून त्या रात्री मुलाजवळ कोण थांबणार, हे आम्ही आधी ठरवलं.